चाळीस खेपा

दुधाटे सरांना ‘चहा घेणार का?’ असं एकदा विचारून भागत नाही. पहिल्यांदा विचारलं की ते संगणकाच्या पडद्यावरून नजर हलवत नाहीत. दुसऱ्यांदा विचारलं की चष्मा कपाळावर चढवून आपल्याकडे बघतात. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, “हां, आता खरं. घेऊ की.” पहिलं विचारणं रीत म्हणून असतं, दुसरं भिडेपोटी असतं आणि तिसऱ्यांदा जो विचारतो त्याला खरोखरच चहा पाजायचा असतो, असा त्यांचा हिशेब. मी परभणीच्या आमच्या केंद्रात नवी लागले तेव्हा आठवडाभर त्यांना एकेकदाच विचारलं आणि हा माणूस चहा घेत नाही असं समजून माझ्या एकटीचा सांगत राहिले. पुढच्या सोमवारी ते डॉक्टर मॅडमना म्हणाले, “नवीन ताई जरा चिंगूस दिसत्यात.”

केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. म्हातारपणी माणसाचं लक्ष आणि आठवण यांचं काय होतं, ते मेंदूतल्या विजेच्या नोंदींवरून बघायचं, हे आमचं काम. झरी, पिंगळी आणि आसपासच्या गावांतून साठी-सत्तरीपुढची माणसं यायची. त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायची, कानात आवाज सोडायचे आणि मेंदूतली वीज कशी हलते ते नोंदवायचं, एवढं माझ्याकडे. त्या वेड्यावाकड्या रेघांमधून अर्थ काढायचा, तो उत्तम दुधाटे यांनी. मॅडम आमच्या प्रमुख. म्हणजे एकूण माणसं तीन.

नाव उत्तम असलं तरी कुठल्या गोष्टीला उत्तम म्हणताना मी त्यांना ऐकलेलं नाही. फार तर “बरं दिसायलंय. पुना एकदा बगू.” पन्नाशी ओलांडलेली. कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, कायम कधी झाले नाहीत. मग स्वतःच पुस्तकं मिळवून, प्रोग्रॅम लिहायला शिकून ते या मेंदूच्या रेघांकडे वळले. मॅडम म्हणायच्या की असा माणूस मोठ्या शहरात असता तर त्याला गाडी पाठवून बोलावलं असतं. दुधाटे सर रोज पिंगळीहून पॅसेंजरने यायचे आणि पॅसेंजरने जायचे. परतीच्या वेळी परभणी स्टेशनात तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायचे, “पिंगळीला थांबती ना ही?” वीस वर्षं त्याच गाडीने जाणारा माणूस. एकदा मी सोबत होते, मलाच लाज वाटली. म्हटलं, सर, पहिल्याने सांगितलं की हो म्हणून.

“एका खेपेला काय खरं न्हाई, ताई.”

हे त्यांचं वाक्य. हवामान असो, बातमी असो, कुणाच्या मुलीला मिळालेले मार्क असोत, एका खेपेला काय खरं न्हाई. याच वाक्यापायी त्यांचं लग्न राहिलं असं मॅडमनी मला सांगितलं आणि मला वाटलं, गंमत करतायत. नंतर सरांनीच ते कबूल केलं. तरुणपणी पूर्णेला एक मुलगी बघायला गेले होते. मुलगी मनापासून आवडली. निघताना मुलीच्या वडिलांनी “काय ते सांगा” म्हटलं, तर हे म्हणाले, “पुना एकदा येऊन बगतो.” वडिलांना तो अपमान वाटला. महिन्याभरात त्यांनी तिला दुसरीकडे दिली. “मला निस्ती खात्री करायची होती,” सर म्हणाले, “तिच्याबद्दल न्हाई, माझ्याबद्दल.” मी दोन चहा सांगितले, तेही तीनदा न विचारता.

मी जात्याच उतावळी. घरात दूध उतू जातं ते माझ्याच हातून. त्यामुळे सुरुवातीला सरांचं काम बघून मला घाम फुटायचा. आमची एक चाचणी अशी होती की माणसाला डोळे मिटून बसवायचं आणि कानात नावं ऐकवायची. सगळी परकी, त्यात मध्येच त्याचं स्वतःचं. स्वतःचं नाव कानावर पडलं की मेंदू दचकल्यासारखा जागा होतो आणि रेघेला एक उंचवटा येतो. माणसाचं लक्ष किती शाबूत आहे याचा त्यावरून अंदाज बांधायचा. पण एका हाकेने तो उंचवटा दिसत नाही. त्याच क्षणी माणूस आवंढा गिळतो, पापणी लवते, गालातली तंबाखू इकडची तिकडे होते, आणि हे सगळं त्या रेघेत येऊन बसतं. म्हणून तेच नाव चाळीसदा ऐकवायचं आणि चाळीस रेघांची सरासरी काढायची.

मला हे समजेना तेव्हा सरांनी समजावलं होतं, “भजनात परत्येकाचा खोकला येगळ्या टायमाला येतो, ताई. टाळ मात्र सगळ्यांचा एकदमच वाजतो. चाळीस भजनं एकावर एक ठिवा. खोकले एकमेकांत जिरून जात्यात आन् टाळ तेवढा उरतो.” पुस्तकात ज्याला ट्रायल म्हणतात त्याला आमच्या केंद्रात खेप म्हणायचे, ते त्यांच्यामुळेच.

बिघडलेल्या खेपा काढून टाकायचं काम प्रोग्रॅम चुटकीसरशी करतो. सर ते त्याच्यावर सोडत नसत. एकेक खेप डोळ्यांनी बघायचे आणि वहीत लिहायचे: खोकली. गिळलं. हसली. मालगाडी गेली. मी एकदा त्या काढलेल्या खेपांना कचरा म्हटलं, तर चष्मा पहिल्याच झटक्यात कपाळावर गेला. “कचरा म्हनू नका. बाद म्हना. हसली म्हनून बाद झाली ती. हसनं कचरा हाय का?” नियमही त्यांनीच घालून दिला होता, आणि पहिला माणूस टोपीखाली बसायच्या आधी. चाळीसांपैकी निदान वीस खेपा चांगल्या पाहिजेत. एकोणीस भरल्या तरी ती नोंद बाजूला, तिच्याकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही. “नियम आधी आन् आकडे मागून. उलटं केलं की मानूस आपल्याला पायजे तेच बगतो.”

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

नावं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली होती आणि ती मी घेतली आधार कार्डावरून. पुरुषांच्या रेघा व्यवस्थित आल्या. बायकांच्या रेघा मात्र सपाट. स्वतःचं नाव काय आणि परकं काय, मेंदूला जणू सारखंच. मॅडमनी अहवालात लिहायला घेतलं की आपल्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचं लक्ष पुरुषांच्या मानाने फार लवकर ढासळलेलं दिसतं. मला ते खरंही वाटलं. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या बायका, थकल्या असतील.

“पुना एकदा बगू,” सर म्हणाले.

मॅडम वैतागल्या. आणखी कितीदा बघणार? सरांनी वही उचलली आणि पहिलं गाठलं ते रुक्मिणबाईंना. रुक्मिणबाई झरीच्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, जिभेने तिखट. पहिल्या दिवशी मी टोपी बसवायला गेले तेव्हा म्हणाल्या होत्या, “ह्या वयात मला टोपरं घालायलीस व्हय गं?” केस धुऊन या, तेल लावू नका, असं सांगितलं होतं. त्या केस धुऊन आल्या आणि वर चांगलं चोपडून तेल लावून आल्या, कारण शहरात बिनतेलाच्या डोक्यानं कसं यायचं. त्यांच्या ओसरीवर बसून सरांनी एकच प्रश्न विचारला. मी शेजारी होते.

“आजी, तुमाला हाक काय मारत्यात?”

“आता कोन मारतंय हाक? मारनारे गेले.”

“आधी काय मारायचे?”

“सासू म्हनायची, अगं ए. मालक म्हनायचे, ऐकायलीस का. बाकी समदे दत्ताची माय म्हनत्यात.”

“आन् रुक्मिण?”

“ते लग्नात ठिवलंय. तांदळात लिवलं आन् झालं. त्या नावानं मला कोनी हाक मारली न्हाई, बाबा. ते कागदावरच हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही पोरगी त्या दिशी कानात रुक्मिण रुक्मिण करायली होती. मला वाटलं, दुसऱ्या कुन्या बाईला बोलवायलीय.”

मी खाली बघत राहिले. माझंही लग्नात नाव बदललेलं आहे, तरीही हे माझ्या डोक्यात आलं नाही याची मला मनापासून लाज वाटली. म्हाताऱ्या बायकांचं लक्ष ढासळलं नव्हतं. त्यांना कधीच कुणी न मारलेल्या हाकेला त्यांनी ओ दिली नव्हती.

पुढचे दोन महिने आम्ही गावोगाव हाका गोळा करत फिरलो. दत्ताची माय, मुंजाची माय, काशी, गोदाक्का. ‘अगं ए’ मात्र चाचणीत घेता येईना, त्या हाकेला मीसुद्धा वळले असते. नव्या हाकांनी चाचणी पुन्हा घेतली आणि रेघांना उंचवटे आले. रुक्मिणबाईंचा तर असा आला की मॅडम खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेल्या. जुना अहवाल त्यांनी फाडून टाकला. सर एवढंच म्हणाले, “बरं दिसायलंय.”

त्यानंतर थोड्या दिवसांनी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, माझ्या मायला आनू का?”

त्यांची आई पिंगळीच्या घरी त्यांच्याचजवळ असते हे मला माहीत होतं. तिला विसर पडत चालला आहे हे माहीत नव्हतं. वर्षभरापूर्वी ती चुलीवरचं विसरायला लागली, मग दिवस विसरायला लागली आणि दिवाळीपासून सरांना “कोन हाय?” म्हणून विचारायला लागली होती. मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं, गोळ्या चालू होत्या. आमच्या चाचणीने इलाज होणार नव्हता आणि ते माझ्यापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“मग कशासाठी, सर?”

“तिला घरीदारी बबनची माय म्हनत्यात. बबन म्हंजी मी.” चष्मा पुसत ते म्हणाले, “तोंडानं तर मला वळखत न्हाई. आत कुटं वळखती का न्हाई, एवढंच बगायचंय.”

आईच्या संमतीपत्रावर केंद्राबाहेरच्या माणसाची सही हवी म्हणून पूर्णेहून सरांची बहीण आली. सर आत आले नाहीत. बाहेर बाकावर बसले आणि मला बजावलं, “तिच्या नोंदीचा नंबर मला सांगू नका. मी बाकीच्यांसारखंच बगनार.” आई लहानखुरी, निळ्या लुगड्यातली. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. टोपी बसवताना ती घाबरली. कानात “बबनची माय” सुरू झालं तेव्हा ती डोळे उघडून दाराकडे बघायला लागली. मी हळूच पापण्या मिटवल्या की पुन्हा उघडायची. शेवटी शेवटी रडायला लागली आणि टोपी ओढून काढली. चाळीस खेपा झाल्या होत्या, पण कशा झाल्या होत्या ते मला दिसत होतं. पुन्हा घेऊ का, म्हणून मी बाहेर जाऊन विचारलं. आतलं रडणं सरांना ऐकू गेलं असणार. “न्हाई,” ते म्हणाले, “तिला पुना टोपी न्हाई.” त्यांनी आयुष्यात एकदाच करून सोडून दिलेली ती एवढीच गोष्ट.

नोंदी त्यांच्याकडे नंबरानेच जायच्या. बारा दिवसांनी एका दुपारी ते एका नोंदीपाशी अडले. मी समोरून बघत होते. वहीत पाच-पाचच्या रेघोट्या मारून त्यांनी चांगल्या खेपा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या.

“अठरा,” ते म्हणाले. “ही माय हाय माझी.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“जोडीनं पापनी लवती तिची. एकामागं एक दोनदा. लहानपनापास्नं बगतोय मी.”

मी उठून त्यांच्यामागे गेले. बाद झालेल्या खेपा पडद्यावर होत्या. त्यातल्या दोन तर अगदीच थोडक्यात गेल्या होत्या. मी म्हटलं, “सर, ह्या दोन चालतील. दुसऱ्या कुणी असं काटेकोर बघितलंही नसतं. ह्या धरल्या की वीस होतात.”

“अशाच दोन मी बाद केल्या, मागून कळलं झरीच्या गोदाक्काच्या होत्या. तिचा ल्योक इथं बसत न्हाई म्हनून का?”

“बरं, अहवालात नका घेऊ. पण अठरांची सरासरी काढून नुसतं बघा तरी. काय दिसतं?”

“काढली न्हाई.”

“का?”

“उंचवटा दिसला असता तर अठरा खेपांवर मी इस्वास ठिवला असता, ताई. आन् दिसला नसता तरी ठिवला असता. मंग रोज घरी जाऊन तिच्याम्होरं कोन्या तोंडानं बसलो असतो?” त्यांनी वहीत त्या नंबरापुढे ‘बाद’ लिहिलं आणि नोंद बाजूला टाकली. मला त्यांचा राग आला. कळ दाबायचा अवकाश होता. एवढ्या एका उत्तरासाठी तिला टोपीखाली बसवलं, रडवलं आणि ते उत्तर हाताशी असताना हा माणूस नियम सांगतोय. घरी जाऊन मी नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

पुढे महिन्याभराने बहिणीच्या घरी काही कार्य निघालं आणि सर आठवडाभर रजेवर गेले, कारण एरवी दिवसा पूर्णेहून येऊन आईजवळ थांबायची ती बहीणच. मॅडमना काही कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून दुपारच्या गाडीने मी पिंगळीला गेले. स्टेशनापासून घर चालत पाच मिनिटांवर. अंगणात लिंबाखाली बाजेवर आई बसलेली, शेजारी खाली सर शेंगा फोडत बसलेले. मला बघून उठले, पाणी दिलं. मी सह्यांचे कागद काढले.

“कोन हाय?” आईने विचारलं. मला नव्हे, त्यांना.

“बबन हाय, माय.”

ती बरं म्हणाली. त्यांनी दोन शेंगा सोलून दाणे तिच्या हातावर ठेवले. पहिल्या कागदावर सही केली.

“कोन हाय?”

“बबन हाय, माय.”

मी तासभर तिथे होते. ती विचारत होती आणि ते सांगत होते. माझ्या घरी सासूबाईंनी एखादी गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की माझा आवाज चढतो, हे मी काही लपवत नाही. इथे आवाज चढेना, उतरेना, घाई होईना. तेच तीन शब्द, तेवढाच वेळ, तोच सूर. मला आधी ते माणसाचं बोलणंच वाटेना. मग एकदम ओळखीचं वाटलं. नावं रेकॉर्ड करताना सर माझ्यामागे उभे राहून हेच तर सांगायचे. दर खेपेला हाक अगदी सारखी पाहिजे, ताई. तुमचा राग, तुमचा कंटाळा तिच्यात आला की सरासरी बिघडती.

“सर,” मी हळूच विचारलं, “तुम्ही मोजताय का?”

ते शेंगांकडे बघत हसले. “मोजत न्हाई. पर एका खेपेला काय खरं न्हाई ना. इथं टोपी न्हाई, बाद काय करायचं न्हाई. रोज चाळिसाच्या वरच होत्यात. आत कुटंतरी साचत असंल तर साचंल.”

महिनाभर मनात धरून ठेवलेला माझा राग तिथेच संपला. या माणसाला उत्तर नको होतं असं नाही. अपुऱ्या उत्तरावर आईला सोडून द्यायचं नव्हतं.

मी निघायला उठले तेव्हा आईने मला जवळ बोलावलं. माझा हात धरला, तसाच, त्या दिवशीसारखा. सरांकडे बोट करून ती हलक्या आवाजात मला म्हणाली, “ह्यो मानूस लय चांगला हाय, बाई. रोज येऊन बसतो माझ्यापशी. बोलतो कसा, आमच्या बबनवानी.”

मी झटकन सरांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. हातातली शेंग तशीच राहिली होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल की हे खरं.

“एका खेपेला...” ते म्हणाले आणि शेंग खाली ठेवली.

आई पुन्हा त्यांच्याकडे वळली. “कोन हाय?”

“बबन हाय, माय.”

या वेळी आवाज फाटला. ‘माय’ तर नीट उमटलंच नाही. त्यांच्या नियमाने ती खेप बाद. सरांनीही मनात ती बादच धरली असणार, मला खात्री आहे. मी मात्र परतीच्या गाडीतही तेवढीच एक खरी धरून बसले होते.